लष्करी ट्रकचे डिझेल रूपांतर

लष्करी ट्रकचे डिझेल रूपांतर म्हणजे सैन्यातून निकाली निघालेल्या जुन्या ट्रकचे मूळ इंजिन, बहुधा पेट्रोलचे, काढून त्या जागी डिझेल इंजिन बसवणे आणि त्याला अनुरूप अशी शक्तिप्रेषण यंत्रणा जोडणे. शक्तिप्रेषण यंत्रणेत क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आणि धुरी यांचा समावेश होतो. इंधनाचा खर्च कमी करणे, मूळ सुटे भाग मिळत नसताना वाहन चालू ठेवणे आणि चढावर अधिक ओढ मिळवणे, ही या रूपांतराची प्रमुख कारणे आहेत. वाहनाचे ऐतिहासिक मूळ रूप बदलणे, ब्रेक व सुकाणू यंत्रणेवर ताण वाढणे आणि नोंदणीविषयक कायदेशीर अडचणी, हे त्याचे तोटे मानले जातात.

भारतात दुसऱ्या महायुद्धानंतर विक्रीस निघालेल्या अमेरिकन, कॅनेडियन व ब्रिटिश बनावटीच्या लष्करी वाहनांमुळे हा प्रकार रूढ झाला. अशा वाहनांना बोलीभाषेत ‘डिस्पोजलची गाडी’ असे म्हटले जाई.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धातील दोस्त राष्ट्रांचे बहुसंख्य ट्रक पेट्रोलवर चालत. अमेरिकन जीएमसी सीसीकेडब्ल्यू हा अडीच टनी, सहाही चाकांना शक्ती देणारा ट्रक ४.४ लिटर क्षमतेच्या सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिनावर चाले. या ट्रकचे उत्पादन साडेपाच लाखांहून अधिक झाले. कॅनडात तयार झालेल्या ‘कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न’ प्रकारच्या ट्रकांत फोर्डचे व्ही-८ किंवा शेव्हर्लेचे सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिन असे. विलीस जीपमध्ये २,१९९ घन सेंमी क्षमतेचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन होते. युद्धकाळात पेट्रोल इंजिनांना प्राधान्य मिळण्यामागे कारणे व्यावहारिक होती: ती वजनाने हलकी होती, थंडीत लवकर सुरू होत आणि मोटारींच्या कारखान्यांत मोठ्या संख्येने तयार करता येत.

या ट्रकची इंधनाची भूक मात्र मोठी होती. सीसीकेडब्ल्यूची टाकी सुमारे १५० लिटरची होती आणि तेवढ्या इंधनात तो साधारण ४८० किमी जाई. म्हणजे एका लिटरला तीन किलोमीटरच्या आसपास. सैन्याला हा खर्च परवडत असला, तरी युद्धानंतर तेच ट्रक विकत घेणाऱ्या लाकूड व्यापाऱ्याला, खाणमालकाला किंवा माल वाहतूकदाराला तो परवडण्यासारखा नव्हता. ब्रिटनमध्ये पर्किन्स कंपनीचे पी-६ हे सहा सिलिंडरी डिझेल इंजिन याच गरजेतून लोकप्रिय झाले. पेट्रोल ट्रकच्या सांगाड्यात फारसा फेरफार न करता ते बसवता येत असे.

भारतातील वाटचाल

मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ पासून चालू होता. फोर्ड कंपनीनेही मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे वाहनांची जुळणी सुरू केली होती. युद्धोत्तर काळात विक्रीस निघालेल्या फोर्ड व शेव्हर्ले ट्रकांना सुटे भाग मिळणे त्यामुळे सुरुवातीला फारसे कठीण नव्हते. स्वतंत्र भारताच्या औद्योगिक धोरणाने देशांतर्गत उत्पादनावर भर दिला. १९५३ मधील जकात आयोगाच्या शिफारशींनंतर केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी भारतातून काढता पाय घेतला. त्यानंतर जुन्या पेट्रोल इंजिनांचे पिस्टन, बेअरिंग व कार्ब्युरेटर दुर्मीळ होऊ लागले.

याच दशकात देशी डिझेल इंजिने उपलब्ध झाली. टेल्को कंपनीने १९५४ मध्ये डाइमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूर येथे टाटा-मर्सिडीज ट्रकचे उत्पादन सुरू केले. मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने पर्किन्सची इंजिने तयार करण्यास प्रारंभ केला. महाराष्ट्रात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये व किर्लोस्कर कमिन्स १९६२ मध्ये पुण्यात स्थापन झाली. परिणामी जुन्या ट्रकच्या मालकापुढे दोन पर्याय राहिले: मूळ इंजिनासाठी दुर्मीळ भाग शोधत राहणे, किंवा ज्याचे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात असे देशी डिझेल इंजिन बसवणे.

पुढील काळात टाटाची ‘६९२’ आणि ‘६९७’ ही इंजिने भारतीय रस्त्यांवर सर्वत्र दिसू लागली. या क्रमांकांतील पहिला आकडा सिलिंडरांची संख्या, तर उरलेले दोन आकडे सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये दर्शवतात. ९२ मिमी व्यास व १२० मिमी धाव असलेल्या ६९२ ची क्षमता सुमारे ४.८ लिटर, तर ९७ मिमी व्यास व १२८ मिमी धाव असलेल्या ६९७ ची क्षमता सुमारे ५.७ लिटर भरते. जीएमसीच्या ४.४ लिटर इंजिनाच्या जागी या आकारमानाची इंजिने कागदावर जवळची वाटतात. प्रत्यक्षात त्यांचे वजन व लांबी जास्त असल्याने सांगाड्यात फेरफार करावे लागतात.

जीपच्या बाबतीत हाच प्रवास कारखान्यातच घडला. १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद या नावाने स्थापन झालेली आणि १९४८ पासून महिंद्रा अँड महिंद्रा या नावाने ओळखली जाणारी कंपनी १९४७ पासून मुंबईत विलीस जीपची जुळणी करत होती. पुढे कंपनीने आपल्या जीपमध्ये डिझेल इंजिने बसवली. त्यांत प्यूजो कंपनीच्या परवान्याने तयार झालेले २,११२ घन सेंमीचे एक्सडीपी ४.९० हे इंजिन विशेष परिचित आहे. हे इंजिन आणि त्यानंतर आलेली डीआय मालिकेतील इंजिने जुन्या लष्करी जीपच्या रूपांतरासाठीही वापरली जाऊ लागली.

भारतीय सैन्याची स्वातंत्र्योत्तर वाहने यापेक्षा वेगळ्या गटात मोडतात. जबलपूर येथे १९५९ पासून तयार झालेला शक्तिमान ट्रक हा जर्मनीच्या एमएएन कंपनीच्या आराखड्यावर आधारित असून तो मुळातच डिझेलवर चालणारा होता. याउलट जबलपूरचीच निसान एक टनी गाडी आणि जोंगा यांमध्ये ३,९५६ घन सेंमीचे सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिन होते. लिलावातून नागरी वापरात आलेल्या जोंगा व निसान गाड्यांचे डिझेल रूपांतर त्यामुळे मोठ्या प्रमाणावर झाले. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव जुन्या जीपच्या पुनर्बांधणीसाठी देशभर प्रसिद्ध आहे.

पेट्रोल आणि डिझेल यांच्या किमतींतील तफावत हे या रूपांतरामागील आर्थिक कारण होते. १९७३ च्या तेलसंकटानंतर ही तफावत अधिक जाणवू लागली. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे दर ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाल्यानंतर ती कमी झाली. त्यानंतर केवळ इंधन बचतीसाठी केलेल्या रूपांतराचा खर्च भरून निघण्यास लागणारा काळ वाढला.

तांत्रिक बाबी

*इंजिनांमधील फरक*

पेट्रोल इंजिनात इंधन व हवेचे मिश्रण ठिणगीने पेटते, तर डिझेल इंजिनात दाबामुळे तापलेल्या हवेत इंधन फवारले की ते आपोआप पेट घेते. युद्धकालीन पेट्रोल इंजिनांचे संपीडन गुणोत्तर सहा ते सातच्या दरम्यान असे. डिझेल इंजिनांचे ते साधारण १६ ते २२ असते. जास्त संपीडनामुळे डिझेल इंजिनाची औष्णिक कार्यक्षमता अधिक असते. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६, तर एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. या दोन्ही कारणांनी प्रति लिटर अंतर वाढते. मात्र जास्त दाब सहन करण्यासाठी डिझेल इंजिनाचा ठोकळा, क्रँकशाफ्ट व फ्लायव्हील जड असतात.

*इंजिन बसवणे*

इंजिन निवडण्यापूर्वी सांगाड्याच्या दोन्ही लांब पट्ट्यांमधील अंतर, पुढील धुरी व तेलाची टाकी यांमधील जागा, पंखा व रेडिएटर यांमधील अंतर आणि बॉनेटची उंची मोजली जाते. पुढील धुरीलाही शक्ती मिळणाऱ्या ट्रकमध्ये तेलाची टाकी पुढील डिफरन्शियलवर आदळण्याचा धोका असतो. पाटे पूर्ण दबले असताना किती जागा उरते, ते त्यासाठी तपासावे लागते. पुढील भागाचे वजन वाढल्यामुळे पाट्यांच्या थरांत भर घालावी लागते. इंजिनाचे नवे आधार सांगाड्याला जोडताना वरच्या व खालच्या पट्टीला छिद्रे पाडणे किंवा वेल्डिंग करणे टाळतात. छिद्रे उभ्या बाजूत पाडून बोल्ट लावण्याची पद्धत सुरक्षित मानली जाते. याचे कारण असे, की वाकणाऱ्या तुळईवरील सर्वाधिक ताण वरच्या व खालच्या कडांवर येतो.

*गिअरबॉक्सशी जोडणी*

नव्या इंजिनाचा गिअरबॉक्स सोबत घ्यावा की मूळ गिअरबॉक्स ठेवावा, हा रूपांतरातील पहिला निर्णय असतो. मूळ गिअरबॉक्स ठेवल्यास इंजिन व क्लच हाउसिंग यांच्यामध्ये लेथवर तयार केलेली अडॅप्टर प्लेट बसवतात. या प्लेटमुळे क्रँकशाफ्टचा आणि गिअरबॉक्सच्या आत येणाऱ्या शाफ्टचा मध्य एका रेषेत राहणे आवश्यक असते. डायल गेजवर साधारण ०.१५ मिमीपेक्षा जास्त फरक दिसल्यास पायलट बेअरिंग व क्लचप्लेट लवकर खराब होतात आणि गिअर आपोआप सुटू लागतात.

जीएमसी सीसीकेडब्ल्यूमध्ये ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा असून दोहोंमध्ये एक आखूड शाफ्ट असतो. त्यामुळे इंजिन व गिअरबॉक्स दोन्ही बदलूनही मूळ ट्रान्सफर केस कायम ठेवता येतो. विलीस जीपमध्ये ट्रान्सफर केस थेट गिअरबॉक्सला जोडलेला असल्याने ही सोय मिळत नाही.

*गिअर गुणोत्तर*

जुन्या ट्रक डिझेल इंजिनाचा कमाल वेग पेट्रोल इंजिनापेक्षा कमी असतो. त्यामुळे डिफरन्शियल तेच ठेवल्यास वाहनाचा कमाल वेग घटतो. उदाहरणार्थ, थेट गिअरमध्ये एकूण घट ६.६ पट आणि चाकाचा प्रभावी घेर २.८३ मीटर असल्यास मिनिटाला २,७५० फेऱ्यांवर ताशी सुमारे ७१ किमी वेग मिळतो. तेच इंजिन २,४०० फेऱ्यांपर्यंतच चालत असेल, तर वेग ताशी सुमारे ६२ किमी इतका उतरतो. यावर ओव्हरड्राइव्ह असलेला गिअरबॉक्स, कमी घटीचे क्राउन-पिनियन किंवा मोठ्या व्यासाचे टायर हे तीन उपाय आहेत. तिसरा उपाय सर्वांत स्वस्त असला, तरी त्यामुळे ब्रेकचा परिणाम घटतो.

उलट टोकाला, सर्वांत खालच्या गिअरमध्ये धुरीवर येणारा पीळ तपासणे महत्त्वाचे असते. ३०० न्यूटन-मीटर पीळ देणारे इंजिन, सहा पट घट देणारा पहिला गिअर आणि दोन पट घट देणारा ट्रान्सफर केस असल्यास प्रोपेलर शाफ्टवर ३,६०० न्यूटन-मीटर पीळ येतो. मूळ इंजिनापेक्षा नव्या इंजिनाचा पीळ दीडपट असेल, तर हा भारही दीडपट होतो. चिखलात अडकलेल्या ट्रकचे अ‍ॅक्सल तुटतात ते बहुधा याच कारणाने.

*प्रोपेलर शाफ्ट*

इंजिन व गिअरबॉक्सची जागा सरकल्यावर शाफ्टची लांबी बदलावी लागते. कापून जोडलेला शाफ्ट पुन्हा संतुलित करून घेणे आवश्यक असते. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटचे कोन समान आणि दोन्ही फोर्क एका पातळीत असावे लागतात. अन्यथा शाफ्टचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा कमी-जास्त होतो व वाहनात कंपने जाणवतात.

*इंधन, विद्युत व शीतन*

डिझेल यंत्रणेत इंजेक्शन पंप व नोझलकडून उरलेले इंधन टाकीत परत आणणारी नळी लागते. पेट्रोलच्या जुन्या टाकीत ती नसते. टाकीला आतून जस्ताचा मुलामा असल्यास डिझेलशी त्याची प्रक्रिया होऊन फिल्टर व नोझल तुंबू शकतात, म्हणून टाकी बदलणे श्रेयस्कर ठरते. युद्धकालीन अमेरिकन वाहनांची विद्युत यंत्रणा ६ व्होल्टची होती. जास्त संपीडनाचे इंजिन फिरवण्यासाठी १२ किंवा २४ व्होल्टचा स्टार्टर लागत असल्याने दिवे, मापके व वायरिंग यांतही बदल करावा लागतो. इंजिन बंद करण्यासाठी पंपाचा इंधनपुरवठा तोडणारी स्वतंत्र तार किंवा सोलेनॉइड बसवतात.

*ब्रेक*

रूपांतरात सर्वाधिक दुर्लक्षित राहणारा आणि जिवावर बेतू शकणारा भाग ब्रेकचा आहे. त्याची दोन कारणे आहेत. पहिले, सीसीकेडब्ल्यूसारख्या ट्रकमधील हायड्रॉलिक ब्रेकला मदत करणारे उपकरण इंजिनाच्या सेवन नळीतील निर्वातावर चालते. डिझेल इंजिनात थ्रॉटल झडप नसल्याने असा निर्वात तयार होत नाही. त्यामुळे अल्टरनेटरला किंवा इंजिनाला जोडलेला व्हॅक्यूम पंप बसवला नाही, तर ब्रेक पेडल अत्यंत जड होते. दुसरे, पेट्रोल इंजिनात अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर थ्रॉटल बंद होऊन इंजिन स्वतःच गाडीला रोखते. डिझेल इंजिनात हा अवरोध कमी असतो. त्याची भरपाई करण्यासाठी निर्गम नळीत झडप बसवून एक्झॉस्ट ब्रेक तयार करतात.

नवापूर परिसरातील संदर्भ

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर हे महाराष्ट्र-गुजरात सीमेवरील तालुक्याचे ठिकाण सुरत–धुळे महामार्गावर आहे. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्र. ६ म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग क्र. ५३ चा भाग आहे. नवापूरचे रेल्वे स्थानक दोन राज्यांत विभागलेले असल्यामुळे प्रसिद्ध आहे. सागवानी जंगलांचा, ओढ्या-नाल्यांचा आणि दमदार पावसाचा हा प्रदेश असून जंगलातील कच्च्या वाटांवर सर्व चाकांना शक्ती देणाऱ्या वाहनांचा उपयोग सहज समजण्यासारखा आहे.

रूपांतरित ट्रकच्या गुणदोषांची कसोटी पाहणारे तीन घटक या परिसरात एकत्र येतात. पहिला घटक म्हणजे विसरवाडी आणि दहिवेल यांच्या दरम्यानचा कोंडाईबारी घाट. पूर्वेकडे धुळ्याच्या दिशेने जाताना येथे चढ लागतो व डिझेल इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरील ओढीचा फायदा होतो. परतीच्या उतारावर मात्र इंजिनाचा अवरोध कमी असल्याने सारा भार ड्रम ब्रेकवर येतो. ड्रम तापून ब्रेकची पकड सुटणे हा अशा उतारावरील नेहमीचा धोका आहे. व्हॅक्यूम पंप व एक्झॉस्ट ब्रेक नसलेला रूपांतरित ट्रक भरलेल्या अवस्थेत घाटात उतरवणे म्हणूनच धोक्याचे मानले जाते.

दुसरा घटक हवामानाचा. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. भारलेला ट्रक खालच्या गिअरमध्ये संथपणे चढत असताना रेडिएटरला वाऱ्याचा झोत मिळत नाही. अशा वेळी पंख्याभोवतीचे आवरण आणि रेडिएटरचे पुरेसे क्षेत्रफळ महत्त्वाचे ठरते.

तिसरा घटक सीमेचा. नवापूर येथील सीमा तपासणी नाक्यावर आंतरराज्य मालवाहतुकीची कागदपत्रे तपासली जात असत. नोंदणी प्रमाणपत्रावर इंजिन क्रमांक, सांगाडा क्रमांक व इंधनाचा प्रकार नमूद असतो. प्रमाणपत्रावर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल इंजिन अशी विसंगती असलेले वाहन तपासणीत अडचणीत येऊ शकते. नवापूर तालुक्यातील वाहनांची नोंदणी नंदुरबार येथील परिवहन कार्यालयात ‘एमएच ३९’ या मालिकेत होते, तर सीमेपलीकडील तापी जिल्ह्याची मालिका ‘जीजे २६’ आहे.

कायदेशीर स्थिती

सैन्याच्या मालकीच्या वाहनांची नोंदणी मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६० नुसार स्वतंत्रपणे होते. संरक्षणविषयक वापर संपल्यावर अशा वाहनाला सर्वसाधारण नोंदणीच्या तरतुदी लागू होतात. लिलावात घेतलेला ट्रक त्यामुळे रस्त्यावर आणण्यापूर्वी नव्याने नोंदवावा लागतो.

अधिनियमाच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूलतः दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. वेगळ्या इंधनावर वाहन चालवण्यासाठी रूपांतर संच बसवण्याची मुभा विहित अटींच्या अधीन राहून देण्यात आली आहे. बदल किंवा इंजिनाची अदलाबदल झाल्यास तिची माहिती १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात कलम ५२ चा काटेकोर अर्थ लावून, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२ अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

२०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद करण्यात आली. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जतन केलेली खासगी वापराची दुचाकी व प्रवासी चारचाकी वाहने तिच्या कक्षेत येतात. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेले वाहन या दर्जास पात्र ठरत नाही. डिझेल इंजिन बसवलेल्या जुन्या लष्करी जीपला म्हणूनच व्हिंटेज नोंदणीचा लाभ मिळत नाही. मालवाहू ट्रक तर या व्याख्येतच बसत नाहीत.

जतन आणि वापर यांतील मतभेद

जुन्या लष्करी वाहनांच्या संग्राहकांमध्ये रूपांतराविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार इंजिन हा वाहनाच्या इतिहासाचा अविभाज्य भाग असून ते काढल्यास ऐतिहासिक मूल्य नष्ट होते. दुसऱ्या मतानुसार रूपांतर झाले नसते तर बहुतेक वाहने भंगारात गेली असती. रोजीरोटीच्या कामात राहिल्यामुळेच त्यांचे सांगाडे व बॉडी टिकून राहिल्या. भारतात आज मूळ इंजिनासह चालू स्थितीत असलेले युद्धकालीन ट्रक दुर्मीळ आहेत. दोन्ही बाजूंना मान्य असलेला मध्यम मार्ग म्हणजे परत फिरवता येईल असे रूपांतर करणे. यात मूळ सांगाडा न कापता बोल्टने आधार जोडतात आणि काढलेले इंजिन, गिअरबॉक्स व त्यांवरील क्रमांकपट्ट्या जपून ठेवतात.

हे सुद्धा पहा

- डिझेल इंजिन
- शक्तिमान ट्रक
- विलीस जीप
- जोंगा
- नवापूर
- मोटार वाहन अधिनियम, १९८८